तीन तासांनंतर एक तास

बारावीचा शेवटचा पेपर झाला की आमच्या भागातली पोरं कामाला लागतात. कोणी शहापूरच्या बाजारपेठेत मोबाइलच्या किंवा कापडाच्या दुकानात, कोणी आसनगाव स्टेशनजवळच्या हॉटेलात, कोणी मुंबई-नाशिक महामार्गावरच्या ढाब्यावर, कोणी भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला. पुढे कॉलेज सुरू होतं, पण घरात येऊ लागलेला पगार बंद करणं जड जातं. मग काम सुटत नाही. सकाळी कॉलेज, दुपारपासून दुकान. कामाला लावताना पगाराचं बोलणं होतं, यायची वेळ ठरते, आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी तेही ठरतं. मध्ये बसायचं कधी आणि जेवायचं कधी, हे मात्र कोणीच बोलत नाही. पोरगं विचारत नाही, शेठ सांगत नाही, आणि ‘लागला ना कामाला, मग झालं’ म्हणून आईबापही विचारत नाहीत.

कायद्यात याचं उत्तर आहे, आणि तेही तासा-मिनिटांत लिहिलेलं. ते आमच्या पोरांपर्यंत पोचत नाही म्हणून हा लेख.

मी शहापूर तालुक्यातल्या शेणव्याची. विधी सेवेच्या कामात पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून पाड्यांवर जाते. तिथल्या बाया मला ‘कोर्टातली पोरगी’ म्हणतात. त्याआधी कॉलेजात असताना मी एका कापड दुकानात कामाला होते. वेळ दुपारी एक ते रात्री आठ. साड्या दाखवणाऱ्या मुलींनी बसायचं नाही, असा तिथला नियम होता. गिऱ्हाईक आत आलं आणि मुलगी बसलेली दिसली तर ते दुकानाला शोभत नाही, असं सांगितलं जायचं. डबा मागच्या खोलीत गठ्ठ्यांच्या मध्ये बसून खायचा, तोही गिऱ्हाईक नसेल तेव्हा. लग्नसराईत गिऱ्हाईक नाही असं होतच नसे. आणि आम्ही मुली पाणी पीत नव्हतो. दुकानात आमच्यासाठी स्वच्छतागृह नव्हतं, बाहेर जायचं तर परवानगी मागायची, आणि पाळीच्या दिवसांत ती परवानगी पुन्हा पुन्हा मागायची लाज वाटायची. त्यापेक्षा घसा कोरडा ठेवलेला बरा. रात्री एसटीत बसलं की पोटऱ्या अशा दुखायच्या की शेणव्याला उतरताना दांडी धरूनच उतरावं लागे.

माझी आई आवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या खाचरात मजुरीला जाते. दिवसभर पावसात, गुडघाभर चिखलात, वाकून. ते काम माझ्या कामापेक्षा कितीतरी जड. पण न्याहारीची वेळ झाली की सगळ्या बांधावर येतात, आणि दुपारची भाकरी मालकिणीच्या घरून आली की पुन्हा बसतात. त्या वेळी मालकही ‘चला, उठा’ म्हणत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, रिवाज आहे. दुकानं, गोदामं, ढाबे ही आमच्याकडे नवी कामं. त्यांच्यासोबत असा रिवाज आला नाही. तिथे कायद्याचाच आधार.

आता कायदा. पहिला प्रश्न वयाचा, कारण अठराच्या आतले आणि अठराच्या वरचे यांना दोन वेगळे कायदे लागतात, आणि त्यांत मोठा फरक आहे.

चौदा पूर्ण झालेली पण अठरा पूर्ण न झालेली व्यक्ती कायद्याच्या भाषेत किशोरवयीन. तिच्यासाठी 1986 चा बाल व किशोरवयीन कामगार कायदा आहे. 2016 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि 1 सप्टेंबर 2016 पासून ती लागू झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवायला पूर्ण बंदी आली. शाळा सांभाळून, शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धोका नसलेल्या कामात हातभार लावणं आणि कलाकार म्हणून काम करणं एवढेच अपवाद राहिले. चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना खाणी, स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थ, धोकादायक प्रक्रिया यांत घेता येत नाही. बाकीच्या कामांत घेता येतं, पण अटींवर. आणि या अटी कोणाला ठाऊक नसतात.

कलम 7 सांगतं की किशोरवयीनाला सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येणार नाही. तीन तास झाले की किमान एक तास विश्रांती द्यायची. पंधरा मिनिटं नव्हे, चहापुरतं नव्हे, पूर्ण एक तास. त्याचा कामावरचा सगळा वेळ, विश्रांतीचा तास आणि कामाची वाट बघत बसलेला वेळ धरून, दिवसाला सहा तासांच्या वर जाता कामा नये. ‘वाट बघत’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. माल उतरवायचा टेम्पो उशिरा आला म्हणून पोरगं दोन तास पायरीवर बसून राहिलं, तर ते दोन तास त्याचे फुकट गेले असं कायदा मानत नाही. ते सहा तासांतच मोजले जातात.

संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत किशोरवयीनाकडून काम घ्यायचं नाही. ओव्हरटाइम नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि ती कुठल्या वारी हे दुकानात दिसेल असं लिहून लावायचं. तो वार तीन महिन्यांत एकापेक्षा जास्त वेळा बदलायचा नाही. शिवाय कलम 11 प्रमाणे मालकाने एक नोंदवही ठेवायची, तिच्यात प्रत्येक किशोरवयीनाचं नाव, जन्मतारीख, कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ लिहायची. किती दुकानांत ही वही असेल, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या बाजारपेठेत फिरून करावा.

माझ्या त्या एक ते आठच्या पाळीला हा कायदा लावून बघा. सतरा वर्षांची मुलगी दुपारी एकला आली, तर चार वाजता तिचं काम थांबलं पाहिजे. पाचपर्यंत विश्रांती. पाच ते सात काम, आणि सातला घरी. एक ते सात म्हणजे बरोबर सहा तास, त्यातले कामाचे पाच. शेवटचा तास, सात ते आठ, पूर्णपणे बेकायदा. आमच्याकडे ढाब्यावर रात्री अकरापर्यंत ताटं धुणारा सोळा वर्षांचा मुलगा सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्या पाळीतला जवळजवळ प्रत्येक तास कायदा मोडतो, आणि त्याच्या हातचं पाणी पिऊन आपण गाडीत बसतो.

या कायद्यात कामगारांच्या संख्येची अट नाही, हे मी पाड्यावर सांगते तेव्हा लोक चमकतात. दुकान, व्यापारी आस्थापना, कारखानावजा वर्कशॉप, शेत, लॉज, हॉटेल, खाणावळ, करमणुकीची जागा, सगळं ‘आस्थापना’ या शब्दात येतं. एकच पोरगं ठेवणारं किराणा दुकानही त्यातून सुटत नाही. इंग्लंडमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या कामगाराने साडेचार तासांपेक्षा जास्त काम केलं तर त्याला अर्धा तास विश्रांती मिळते. आपला कायदा तीन तासांनंतर एक तास देतो. कागदावर आपण पुढे आहोत. मोडणाऱ्याला एक महिन्यापर्यंत साधा कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा वयावर. काम मिळावं म्हणून पोरगं स्वतःच ‘अठरा पूर्ण’ सांगतं, आणि मालकाला ते ऐकायला बरंच वाटतं. पण तसं सांगितल्याने त्याचा तो हक्काचा तास जातो आणि सातनंतर घरी जाण्याचा हक्कही. कातकरी वाड्यांवर आणखी वेगळी अडचण. घरी झालेली बाळंतपणं, वीटभट्टीच्या हंगामात स्थलांतर, जन्माची नोंद राहून गेलेली. अशा वेळी वयावरून वाद झाला आणि दाखला नसला, तर निरीक्षकाने ते प्रकरण ठरवून दिलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं, अशी कलम 10 मध्ये सोय आहे. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर प्रश्नच मिटतो. म्हणून मी प्रत्येक घरात एवढंच सांगते, पोरगं दहावीला नापास होऊन शाळा सुटली तरी दाखला काढून ठेवा, पेटीत ठेवा, भट्टीवर जाताना शेजारी ठेवायला द्या.

अठरा पूर्ण झाले की हे कवच संपतं. आणि पार्ट-टाइम करणाऱ्या कॉलेजच्या मुलांतली पुष्कळ याच वयातली.

दुकानांसाठी महाराष्ट्रात पूर्वी 1948 चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा होता. तो जिथे लागू होता तिथे सलग पाच तास काम झालं की किमान एक तास विश्रांती होती. त्याच्या जागी 2017 चा नवा कायदा आला, 19 डिसेंबर 2017 पासून. त्यात पाच तासांनंतरची विश्रांती एक तासावरून अर्ध्या तासावर आली. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, जादा कामाला दुप्पट दर, आठवड्याची सुट्टी, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह या तरतुदी होत्या. पण हे सगळं दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथेच होतं. शहापूर, किन्हवली, मुरबाड इथल्या बाजारपेठेत दहा नोकर असलेली दुकानं बोटावर मोजण्याइतकी.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या कायद्यात बदल मंजूर केले आणि मग अध्यादेश निघाला. कामाचा दिवस नऊवरून दहा तासांचा झाला, सलग काम पाचऐवजी सहा तास चालेल असं झालं, तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 125 वरून 144 तासांवर गेली. आणि कायदा लागू होण्याची अट दहा कामगारांवरून वीसवर गेली. उद्योगांना सोपं व्हावं, रोजगार वाढावा, हे त्याचं कारण देण्यात आलं. रोजगार आमच्या तालुक्यालाही हवाच आहे. पण एका दुकानात बारा मुली उभ्या आहेत, तर कालपर्यंत त्यांना मिळणारा अर्धा तास आज कायद्याने त्यांचा राहिला नाही, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. तेरा, चौदा किंवा एकोणीस माणसांच्या पोटऱ्या वीस माणसांच्या पोटऱ्यांपेक्षा कमी दुखत नाहीत.

हा आकड्यांचा खेळ जुना आहे, आणि त्याची सुरुवात बघायची तर एका ठाणेकराकडे जावं लागतं. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म 1848, ठाण्यात. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी, मग मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. गिरणीतलं जगणं त्यांनी आतून पाहिलं. पुढे ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं. 1881 मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा केला होता. त्यात सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास काम, दिवसाला एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या होत्या. मोठ्यांना विश्रांतीचं एक मिनिटही नव्हतं. आणि तो कायदा शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता.

सप्टेंबर 1884 मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांतून तयार झालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. आज आपण ‘रविवार’ म्हणून जी सुट्टी उपभोगतो, ती मुंबईच्या गिरण्यांत 10 जून 1890 ला मान्य झाली. 1891 च्या कायद्याने कारखान्यातल्या सगळ्यांना दुपारी अर्धा तास विश्रांती मिळाली, मुलांचं किमान वय नऊ झालं आणि त्यांचे तास सात झाले. लोखंडे 1897 मध्ये प्लेगच्या साथीत गेले.

त्या 1891 च्या कायद्याने शंभराची अट पन्नासवर आणली. 1922 मध्ये ती वीस झाली. 1948 च्या कारखाना कायद्यात, जिथे वीज वापरली जाते तिथे, ती दहा झाली. शंभर, पन्नास, वीस, दहा. पिढ्यामागून पिढ्या विश्रांतीचा हक्क खाली, लहान जागांकडे, येत होता. 2017 पासून दुकानांसाठी आणि नव्या केंद्रीय संहितेत कारखान्यांसाठी तो उलटा चढायला लागला आहे. 21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यातल्या कामाच्या जागेच्या सुरक्षेच्या संहितेत कारखान्याची व्याख्या विजेवर चालणाऱ्या कामाला वीस आणि विजेविना चाळीस कामगारांपासून सुरू होते. मुरबाडच्या एमआयडीसीत लहान युनिटमध्ये काम करणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

छोट्या दुकानातला एकोणीस वर्षांचा मुलगा मग अगदी उघड्यावर पडतो का? पूर्ण नाही. किमान वेतनाचा कायदा माणसं मोजत नाही. पूर्वी 1948 च्या किमान वेतन कायद्यात आणि आता 2019 च्या वेतन संहितेत कलम 13 आहे. सरकारने कामाचा दिवस किती तासांचा हे ठरवताना त्यात विश्रांतीच्या वेळा धरायच्या, आणि सात दिवसांत एक दिवस विश्रांतीचा ठेवायचा, असं ते म्हणतं. बळकट नाही, पण धरायला काहीतरी आहे.

आणि ‘पार्ट-टाइम’ या शब्दाने कोणी घाबरवलं तर घाबरू नका. ‘तू पार्ट-टाइमवाला, तुला कसली सुट्टी’ हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. आपले कायदे विश्रांती ठरवताना पूर्णवेळ आणि अर्धवेळ असा भेद करत नाहीत. त्या दिवशी सलग किती तास काम झालं एवढंच ते बघतात. चार तासांची पाळी असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कायद्याने मधली सुट्टी मिळणार नाही, हे खरं. पण साडेचार तासांची पाळी सांगून रोज सात तास थांबवलं, तर तो सात तासांचा कामगार झाला.

दुचाकीवर घरोघरी जेवण आणि सामान पोचवणाऱ्या मुलांचं दुःख वेगळं. कंपनीच्या लेखी ती नोकर नाहीत, भागीदार आहेत. त्यामुळे तास, विश्रांती, सुट्टी यातलं काहीच त्यांना लागू होत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना ‘गिग कामगार’ म्हणून ओळख दिली, पण दुपारचा अर्धा तास दिला नाही. आमच्या गावापर्यंत ते काम अजून फारसं आलं नाही, आमची पोरं मात्र कल्याण-डोंबिवलीला जाऊन करतात.

बसण्याचा हक्क हाही विश्रांतीतच मोडतो. केरळने 2018 मध्ये दुकान कायद्यात बदल करून विक्रेत्यांना बसायला आसन देणं बंधनकारक केलं. कापड दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला होता. तमिळनाडूने 2021 मध्ये तसंच केलं. त्या बातम्या वाचल्या तेव्हा मला आमचं दुकान आठवलं आणि मी दोन्ही बातम्या आईला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, “म्हंजे बसायलाबी कायदा लागतो?” लागतो.

तक्रार कुठे करायची हे लोक सगळ्यात आधी विचारतात, म्हणून तेही सांगते. अठराच्या आतल्या मुलासाठी 1098 हा क्रमांक कोणीही लावू शकतं, शेजारीसुद्धा. केंद्राच्या ‘पेन्सिल’ पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. मोठ्यांसाठी ठाण्याचं कामगार आयुक्तालयाचं कार्यालय. वकील लागला तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे, आणि 15100 ही देशभराची हेल्पलाइन आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्न विचारलं जात नाही. आमच्या तालुक्यातल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांतल्या प्रत्येक पोराला हे लागू आहे. तक्रारीच्या आधी एक काम करा. रोज कामावर गेल्याची, जेवायला बसल्याची आणि सुटल्याची वेळ मोबाइलमध्ये लिहून ठेवा, किंवा बहिणीला मेसेज करा. मालकाच्या वहीत काही नसलं तरी तुमच्याकडे ते असेल.

बहुतेक वेळा मात्र तक्रारीपर्यंत जावं लागत नाही, शेठना कायदा दाखवला की पुरतं. मध्यंतरी एका स्टेशनरीच्या दुकानदाराकडे गेले होते. दोन पोरं कामाला, दोघं सतरा वर्षांची, दोघं दुपारी एकला येतात. ते म्हणाले, “ताई, दोघं एकदम तासभर बसली तर गिऱ्हाईक कोण बघणार? शाळा सुटल्यावरच तर गर्दी.” प्रश्न खरा होता. आम्ही काउंटरवर बसून कागदावर मांडलं. कायदा तीन तासांच्या आत विश्रांती दिलेली चालवून घेतो, उशिरा दिलेली नाही. म्हणून एकाने तीन ते चार बसायचं, दुसऱ्याने चार ते पाच. पहिला चार ते सात सलग तीन तास काम करतो, दुसरा एक ते चार. दोघांचेही कामाचे पाच तास भरतात, दोघेही सातला सुटतात, आणि दुकानात पूर्ण वेळ एकजण तरी असतोच. शेठनी तो कागद जन्मतारखांसकट गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवला आणि सुट्टीचा वार त्याखाली लिहिला, मंगळवार.